महात्मा फुल्यांची अर्पणपत्रिका आणि अमेरिकेतले काळे बांधव



स्मरणिकेसाठी लेख द्या, असे मंडळाच्या पोरांनी सांगितले. आम्ही पडलो गिरणी कामगार. शाळा अर्धवट सुटली. जे वाचले ते पाळी संपल्यावर. विषय अमेरिकेचा आहे, पण तो आपल्या कपिलधारच्या डोंगरपट्ट्यापासून वाटतो तितका लांब नाही.

आफ्रिकेतून धरून आणलेली माणसे अमेरिकेत बाजार भरवून विकत. मायलेकरांची ताटातूट करीत. कापसाच्या शेतात राबवीत. कापूस आमच्या रोजच्या हाताखालचा, म्हणून हे वाचताना अंगावर काटाच आला. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी १ जानेवारी १८६३ रोजी बंडखोर राज्यांतल्या गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला. १८६५ साली घटनादुरुस्ती होऊन देशभरातली गुलामगिरी कायद्याने गेली.

याचे मोल पुण्यात जोतीरावांनी ओळखले. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केला. आपल्या शूद्रादिअतिशूद्रांसाठीही कोणी असेच उठावे, ही त्यांची तळमळ होती.

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. पुढे १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विद्वान पुढारी डु बॉइस यांना पत्र लिहिले. काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. डु बॉइस यांनी उत्तरही दिले. दोन्हीकडचे दुःख एकमेकांना ओळखत होते.

१ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईने बसमधली जागा गोऱ्यासाठी सोडायला नकार दिला. तिला अटक झाली. मग काळ्यांनी वर्षाहून जास्त काळ बसवर बहिष्कार टाकला. लोक पायी कामाला गेले. बांधवांनो, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपल्या माणसांनी दीक्षा घेतली, तेव्हा तिकडे ते अजून पायीच चालत होते! डिसेंबर १९५६ मध्ये ते जिंकले. त्याच महिन्यात आपले बाबासाहेब गेले.

पण एक गोष्ट विसरू नका. बेडी तुटल्यावर तिकडच्या पुष्कळ काळ्यांना जमीनदाराने कर्जाच्या वहीत बांधले. पीक निघे, पण देणे फिटत नसे. आपल्याकडे तिलाच उचल म्हणतात. आमचे आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला जात. पट्टा पडला तरी मुकादमाच्या वहीत बाकी निघायचीच. वही वाचता येत नव्हती, अंगठा तेवढा देता येत होता. वेठबिगारीविरुद्ध १९७६ साली कायदा झाला. पण कायदा कागदावर असतो आणि वही मुकादमाच्या खिशात.

म्हणून आमचे एवढेच सांगणे. पोरापोरींना शिकवा. उचल घेण्याआधी हिशेब त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. जयभीम!