खणणं, मान आणि चरकाची यादी: डोकेदुखीचा इतिहास वाचताना

१९३८ साली विनोबा भावे पवनारला राहायला आले ते प्रकृती पार ढासळली होती म्हणून. धाम नदीकाठी जमनालाल बजाजांच्या बंगल्यात राहून त्यांनी रोज खणायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी पाचच मिनिटं, मग हळूहळू वेळ वाढवत. दहा महिन्यांत वजन ८८ पौंडांवरून १२८ वर गेलं. श्रमानं शरीर सुधारतं, ही गोष्ट पवनारच्या इतिहासात अशी आकड्यांसकट सापडते. श्रमानं काय दुखतं, हे शोधायला मात्र दुसरे कागद उघडावे लागतात.

मी ज्या दुखण्याबद्दल बोलतोय ते असं: खणताना, ओझं उचलताना, धावताना किंवा संभोगाच्या वेळी डोकं आणि मानेचा मागचा भाग ठणकायला लागतो. बहुतेकदा काही वेळानं आपोआप थांबतो. उन्हाळ्यात श्रमाची डोकेदुखी जास्त होते, हे वर्ध्याच्या माणसाला सांगायला नको.

आता चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सतरावा अध्याय काढा. वातामुळे होणाऱ्या डोकेदुखीची कारणं तिथे आहेत: मोठ्यानं बोलणं, जागरण, गार वारा, उपवास, रडणं, भीती, ओझं वाहणं, फार चालणं. आणि याच ओळीत 'व्यवाय', म्हणजे संभोग. लक्षणांत कानशिलं टोचणं आहे, 'घाटा' म्हणजे मानेचा मागचा भाग फुटल्यासारखा दुखणंही आहे. विसाव्या शतकातल्या डॉक्टरांनी ज्यांच्या जोड्या लावल्या, ती कारणं इथे शेजारी शेजारी बसलीत!

पण थांबा, इथेच आपण घसरतो. पवनार-सेवाग्राम परिसरावर काम करणाऱ्याच्या डोक्यात ब्रह्मचर्य आधीच बसलेलं असतं. त्या चष्म्यातून 'व्यवाय' वाचला की ती लगेच शिक्षा वाटते, अतिरेकाचं फळ. चरकाच्या यादीत तसं काही नाही. तिथे संभोग गार वाऱ्याइतकाच साधा आहे. नैतिक भार आपण बाहेरून आणतो.

उलट टोकाला गांधीजी. १९४२ साली आगाखान पॅलेसमध्ये नजरकैदेत असताना लिहिलेल्या आरोग्यावरच्या पुस्तकात ते म्हणतात की डोकं कशामुळेही दुखो, मातीच्या पट्टीनं तात्पुरतं बरं वाटतं; शेकडो जणांवर करून पाहिलंय. उपाय एकच, त्यामुळे कारण विचारायची गरजच उरत नाही. तुम्ही अशा नोंदी वाचायला घ्याल तेव्हा हे लक्षात ठेवा: जिथे उपचार सगळ्यांना सारखा असतो, तिथे दुखणं कशानं सुरू झालं हे कुणी लिहून ठेवत नाही. नोंद नाही म्हणून दुखणं नव्हतं, असं म्हणता येत नाही.

आधुनिक वैद्यकालाही हे सावकाशच जमलं. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रूक यांनी श्रमानं डोकं दुखणाऱ्या १०३ रुग्णांचा किमान तीन वर्षं पाठपुरावा केला. बहुतेकांना काही गंभीर निघालं नाही. पण साधारण दहातल्या एकाच्या कवटीत खरोखर बिघाड होता. संभोगाशी जोडलेल्या डोकेदुखीवर लान्स यांचा लेख १९७६ चा. १९८८ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात दोन्ही स्वतंत्र नोंदी झाल्या आणि श्रमाच्या डोकेदुखीला 'निरुपद्रवी' हे विशेषण लागलं. २००४ मध्ये ते काढून 'प्राथमिक' केलं. मला हा शब्दबदल फार महत्त्वाचा वाटतो. 'निरुपद्रवी' ऐकून माणूस घरी जातो. 'प्राथमिक' म्हणायला मात्र आधी तपासून दुसरं कारण नाही हे पाहावं लागतं. कारण पहिल्यांदाच, क्षणार्धात टोकाला गेलेली डोकेदुखी मेंदूभोवतीचा रक्तस्राव असू शकते. तसं झालं तर माती नको, बाम नको, थेट दवाखाना.

आणि मुलाखती घ्यायला जाल तेव्हा 'डोकं का दुखतं?' असं विचारू नका. उत्तर येईल, 'ऊन लागलं.' 'दुखायला लागलं तेव्हा नेमकं काय करत होतात?' असं विचारा, तेही सासूबाई किंवा मुलं जवळ बसलेली नसताना. शेतात खणत होतो, हे माणूस लगेच सांगतो. दुसरं उत्तर यायला दोन-तीन भेटी जातात, कधी येतच नाही. त्या गप्प बसण्याचीही नोंद वहीत करा, तारखेसकट.