उल्लेखांची मोजदाद

संशोधकाची योग्यता आकड्यात मांडता येईल का? या प्रश्नाची मुळे ग्रंथालयात आहेत. 1948 साली इंग्लंडमध्ये लेमिंग्टन स्पा येथील परिषदेत डॉ. रंगनाथन यांनी ग्रंथालयाच्या कामाला गणित लावावे असे सुचवले व त्या विद्येला 'लायब्रमेट्री' हे नाव दिले. 1955 मध्ये अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी आणखी एक कल्पना मांडली. शोधनिबंधाच्या शेवटी आधीच्या निबंधांची यादी असते. अशा याद्या उलट्या मांडल्या, की एखाद्या निबंधाचा पुढे कोणी कोणी उल्लेख केला ते कळते. 1964 पासून 'सायन्स सायटेशन इंडेक्स' नियमित निघू लागला. हवे ते साहित्य सापडावे, हा त्याचा मूळ हेतू; पण सूची हाती आल्यावर मोजदाद सोपी झाली.

आपल्या मुंबईच्या उपनगरातही हे काम झाले. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ग्रंथालय विभागातील कडेमनी, कल्याणे व सहकाऱ्यांनी 1994 मध्ये सी. व्ही. रामन यांचे 'आकडेवारीतील व्यक्तिचित्र' प्रसिद्ध केले. कोणत्या वर्षी किती निबंध, सहलेखक कोण, नियतकालिके कोणती, असा तो अभ्यास होता.

रामन यांचेच उदाहरण मोजदादीची मर्यादाही दाखवते. आज 'रामन परिणाम' हा शब्द वापरणारे बहुतेक जण 1928 च्या मूळ निबंधाचा उल्लेख करीत नाहीत. शोध सर्वांचा झाला, की सूचीतून तो निसटतो!

2005 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हर्श यांनी 'एच-निर्देशांक' सुचवला. एखाद्याच्या 3 निबंधांना प्रत्येकी किमान 3 उल्लेख मिळाले, पण 4 निबंधांना प्रत्येकी 4 मिळाले नाहीत, तर त्याचा निर्देशांक 3. आता 9, 6, 4, 2 उल्लेख मिळवणारा आणि 100, 3, 3, 1 मिळवणारा, दोघेही 3 वरच!

हा केवळ कागदी खेळ नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमांत प्राध्यापकांच्या बढतीसाठी निबंधांना गुण होते; नियतकालिकाच्या 'इम्पॅक्ट फॅक्टर'नुसार जादा गुणही होते. मराठीत लिहून गावातील वाचनालयाचा उत्तम अभ्यास करणारा ग्रंथपाल अशा हिशेबात मागेच पडणार. 2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे जमलेल्या संपादकांनी व प्रकाशकांनी म्हणूनच जाहीरनामा तयार केला: नियतकालिकाच्या आकड्यावरून संशोधकाला जोखू नये, त्याचे काम पाहावे.

शिक्षकांनी वरील दोन्ही ओळी फळ्यावर लिहाव्यात आणि विद्यार्थ्यांना विचारावे, यांपैकी श्रेष्ठ कोण? निबंध वाचल्याशिवाय कसे सांगणार, असे एखाद्याने म्हटले, तर त्याला पुरे गुण द्यावेत, असे आम्हांला वाटते.