पवनारची टेकडी आणि विनोबांची गीता

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की आठेक किलोमीटरवर धाम नदी आडवी येते. पात्रात काळे खडक, पलीकडच्या काठावर टेकाड आणि टेकाडावर आश्रम. गाव पवनार. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी हे गाव म्हणजे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर, असं मत मांडलं. पुढे रामटेकजवळच्या मनसरचं नावही त्यासाठी घेतलं जाऊ लागलं. राजधानीचा निकाल काहीही लागो, पवनारच्या मातीत वाकाटककालीन शिल्पं आहेत एवढं नक्की. ती जमिनीतून वर येत राहिली आणि त्यातलं एक शिल्प ज्या माणसाच्या हाती लागलं, त्याच्यामुळेच हे गाव आज ओळखलं जातं.

विनोबा भावे आयुष्यभर गीता वाचत होते. पण नुसत्या वाचनाने त्यांची समज वाढली असती, तर ते काम विशी-पंचविशीतच आटोपलं असतं, कारण संस्कृत आणि भाष्यं त्यांनी त्या वयातच पचवली होती. त्यांच्या चरित्राचे टप्पे लावून पाहिले की एक गोष्ट ठळक होते: हातातलं काम बदललं की त्यांची गीताही बदलत गेली. कधी टकळी, कधी कुदळ, कधी फावडं. या बदलांपैकी सर्वात खोल बदल धामच्या काठी झाले.

सुरुवात मात्र दूरची. ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातल्या गागोदे गावी जन्म, शिक्षण बडोद्यात. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा मुलगा वाटेत सुरतेला उतरला आणि काशीला गेला. त्याआधी शाळेचे दाखले त्याने आईसमोर चुलीत घातले होते. काशीतल्या गांधींच्या भाषणाची हकीकत वाचून पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात दोघांची भेट झाली. पुढच्या वर्षी रजा घेऊन विनोबा वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे गेले आणि उपनिषदं, ब्रह्मसूत्रं त्यांच्यापाशी शिकले. १९२१ मध्ये वर्ध्याचे उद्योगपती जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधींनी त्यांना वर्ध्याचा आश्रम चालवायला पाठवलं.

गीताईची, म्हणजे विनोबांनी मराठी पद्यात आणलेल्या गीतेची, कथा महाराष्ट्रात घराघरांत सांगितली जाते. आईला गीता समजून घ्यायची होती, पण मुलाने आणून दिलेलं पद्य भाषांतर तिला जड गेलं. तूच का लिहीत नाहीस, असं ती म्हणाली. १९१८ मध्ये ती गेली. लेखनाला हात लागला तो ७ ऑक्टोबर १९३० रोजी आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी काम पुरं झालं. म्हणजे आईचं मागणं आणि पहिला श्लोक यांमध्ये एका तपाहून जास्त काळ गेला. या काळात विनोबा सूत काढत होते, माग चालवत होते, ‘महाराष्ट्र धर्म’मध्ये उपनिषदांवर लिहीत होते. गीताईची भाषा बायाबापड्यांच्या तोंडी सहज बसते, याला ही वर्षं कारण आहेत असं मानायला जागा आहे.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एक याप्रमाणे अठरा अध्यायांवर अठरा प्रवचनं दिली. २१ फेब्रुवारीला पहिलं, १९ जूनला शेवटचं. समोर सत्याग्रही कैदी. त्यांच्यात साने गुरुजी होते आणि ते प्रवचनं झरझर उतरवून घेत होते. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्या कागदांतून उभं राहिलं. बाराव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी लक्ष्मण आणि भरत यांचा दाखला दिला. एक सतत रामाजवळ राहिला, दुसरा दूर राहून रामाचं काम करत राहिला. चौदा वर्षांनी राम-भरत भेटतात त्या क्षणाचं चित्र कुणीतरी काढावं, अशी इच्छाही त्यांनी बोलून दाखवली. ते चित्र असं हवं की वनातून कोण आला आणि अयोध्येतून कोण, हे चेहऱ्यांवरून ओळखू येऊ नये.

सुटून आल्यावर त्यांनी वर्ध्याजवळ नालवाडीच्या दलित वस्तीत मुक्काम केला. फळाची आशा सोडून काम करा, हे तुरुंगात सांगून झालं होतं. पण ज्याची संध्याकाळची भाकरी दिवसाच्या मजुरीवर अवलंबून आहे, त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? हा प्रश्न पुस्तकातून सुटणारा नव्हता. १९३५ च्या सप्टेंबरात विनोबांनी सूत कातून मिळेल त्या मजुरीवरच जगायचा प्रयोग सुरू केला. रोज चार गुंड्या. एक गुंडी म्हणजे ६४० तार, एक तार चार फुटांचा. आठ-नऊ तास हात चालला तेव्हा कुठे हिशेब पुरा व्हायचा, आणि त्या मजुरीत माणसाचं पोट नीट भरत नाही हे त्यांना स्वतःच्या अंगावर कळलं. चरखा संघाने कातणाऱ्यांची मजुरी वाढवण्याचं धोरण स्वीकारलं ते याच साली. निष्काम कर्मावर मराठीत ढीगभर लिहिलं गेलं आहे. कातणारणीच्या दराने जगून त्याचा अर्थ तपासणारे भाष्यकार फार थोडे.

शरीराने मात्र हात टेकले. १९३८ च्या सुरुवातीला वजन ८८ पौंडांवर आलं होतं. गांधींनी सांगितलं, एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी जा. विनोबांनी पवनार निवडलं, तिथे नदीकाठी जमनालालजींचा बंगला होता. ७ मार्च १९३८ रोजी मोटार धामच्या पुलावरून जात असताना त्यांनी सगळ्या कामांचा आणि चिंतांचा त्याग केल्याचं तीनदा उच्चारलं. मग विश्रांती म्हणून त्यांनी जे आरंभलं ते होतं खणणं. पहिल्या दिवशी काही मिनिटं, मग रोज थोडं थोडं जास्त, आणि बाकी वेळ मोकळं मन. दहाएक महिन्यांत वजन १२८ पौंड झालं.

त्या खणण्यात कुदळ एका दगडाला लागली. माती काढली तर राम-भरत भेटीचं शिल्प. धुळ्याच्या कोठडीत ज्या चित्राची इच्छा धरली, तेच जणू पायाखाली निघालं. विनोबांनी त्याची स्थापना केली आणि अनेक वर्षांपूर्वी बंद केलेली मूर्तिपूजा त्या मूर्तीपुरती पुन्हा सुरू झाली. हा चमत्कार मानायचं कारण नाही. पवनारला सापडलेल्या शिल्पांत रामायणातले प्रसंग आहेत आणि तिथे वाकाटककाळी रामाचं देऊळ असावं असं मिराशींनी दाखवून दिलं आहे. अशा टेकडीवर रोज कुदळ चालली तर कधीतरी शिल्प लागणारच. विलक्षण आहे ते दुसरंच. कर्मसंन्यासाचा उच्चार करून टेकडीवर आलेल्या माणसाने पहिलं काम हातात घेतलं ते अंगमेहनतीचं, आणि त्या दोहोंत त्याला विसंगती वाटली नाही. गीतेच्या पाचव्या अध्यायातला संन्यास आणि कर्मयोग यांचा वाद इथे घामाने मिटत होता.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाची सुरुवात पवनारहूनच झाली आणि पहिले सत्याग्रही म्हणून गांधींनी विनोबांना निवडलं. बेचाळीसनंतरची जवळजवळ तीन वर्षं वेल्लोर आणि शिवनीच्या तुरुंगात गेली. वेल्लोरला त्यांनी दक्षिणेच्या चारही भाषा अभ्यासल्या. शिवनीला १९४४ मध्ये स्थितप्रज्ञावर व्याख्यानं दिली. धुळ्यात एका रविवारी एक अख्खा अध्याय होत असे. इथे दुसऱ्या अध्यायाच्या शेवटच्या श्लोकांवरच एक व्याख्यानमाला खर्ची पडली. बारा वर्षांत विस्तार कमी झाला होता आणि खोली वाढली होती.

सुटकेनंतर सुरगाव. पवनारपासून काही मैलांवरचं हे खेडं. खांद्यावर फावडं टाकून विनोबा रोज सकाळी तिथे चालत जायचे, रस्त्याकडेचा मैला उचलायचे, मातीने झाकायचे आणि परत यायचे. साफसफाईचं काम ज्यांच्या माथी जन्माने मारलं गेलं होतं, त्यांच्या बाजूला उभं राहण्याची ही त्यांची रीत. भाषण नाही, सभा नाही. पावसाळ्यात एकदा नाल्याला पूर आला आणि पलीकडे जाता येईना. विनोबांनी काठावरूनच पलीकडच्या माणसाला हाक मारून सांगितलं, देवळातल्या देवाला निरोप द्या, गावचा सफाईवाला येऊन गेला म्हणून. गावकऱ्यांत बदल व्हायला वीस वर्षं लागतील असं धरून ते या कामाला लागले होते. गांधीहत्येनंतर पडलेल्या जबाबदाऱ्यांमुळे ते थांबलं. गांधींच्या अस्थींचा काही भाग १२ फेब्रुवारी १९४८ रोजी धाममध्ये विसर्जित झाला. त्या दिवशी तिथे दरवर्षी मेळा भरतो.

१ जानेवारी १९५० पासून आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू झाला: पैशाशिवाय जगायचं. बैलही नकोत म्हणून हाताने शेती. विहीर खणली, तिच्यावर रहाट बसवला आणि गीताईचे श्लोक म्हणत माणसंच तो फिरवू लागली.

मग चालणं आलं. ८ मार्च १९५१ रोजी हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला विनोबा पायी निघाले. तिथून तेलंगणात. १८ एप्रिलला पोचमपल्लीच्या भूमिहीन दलितांनी ८० एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डींनी तिथल्या तिथे १०० एकर देऊ केली. भूदानाचा हा उगम सर्वांना ठाऊक आहे. पुढची जवळजवळ तेरा वर्षं ते देशभर चालत राहिले. ४० लाख एकरांहून अधिक जमिनीची दानपत्रं जमली. त्यांतली बरीच जमीन खडकाळ किंवा वादातली होती आणि मोठा हिस्सा भूमिहीनांपर्यंत पोचलाच नाही. इथे विनोबांच्या साधनेचा आणि त्यांच्या चळवळीचा ताळ मोडला, असं म्हणणं भाग आहे. सुरगावात वीस वर्षांचा अदमास धरणारा माणूस देशासाठी १९५७ सालाची मुदत घालून बसला. लाखो दात्यांनी कागदावर सही केली, पण त्यांतल्या किती जणांनी नालवाडीच्या मजुरीचा हिशेब मनाशी मांडला होता? आणीबाणीच्या काळातली त्यांची भूमिका तर त्यांच्या अनेक निकटच्या सहकाऱ्यांनाही पटली नाही. जयप्रकाश नारायणांशी आधीच पडलेलं अंतर भरून निघालं नाही. खोलवर गेलेलं तत्त्वज्ञान सत्तेसमोर योग्य वेळी योग्य शब्द देतंच असं नाही, हे त्या वर्षांनी दाखवलं आणि पवनारच्या इतिहासातून ते वगळता येत नाही.

१९७० मध्ये ते पवनारला कायमचे परतले आणि ७ ऑक्टोबरला क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे ती जागा सोडून कुठेही न जाण्याचं व्रत. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, अन्नपाणी सोडल्यानंतर, त्यांनी तिथेच देह ठेवला.

ते परतले तेव्हा टेकडी रिकामी नव्हती. २५ मार्च १९५९ रोजी, ते स्वतः राजस्थानात चालत असताना, इथे ब्रह्मविद्या मंदिर सुरू झालं होतं. ब्रह्मविद्येची परंपरा भारतात बहुतांशी पुरुषांच्या हाती राहिली आणि ती व्यक्तीच्या एकट्या साधनेची राहिली, या दोन्ही उणिवा त्यांना भरायच्या होत्या. म्हणून ही स्त्रियांची सामूहिक साधना. घर सोडून आलेल्या या भगिनींनी शेत कसलं, स्वयंपाक आणि सफाई वाटून घेतली, स्वतःचा छापखाना चालवला आणि ‘मैत्री’ मासिक काढलं. विनोबांनी आपल्यामागे कुणाला गादीवर बसवलं नाही. इथे प्रमुख नाही, बहुमताची मोजणी नाही. सगळ्यांची संमती मिळाली तर निर्णय होतो आणि एकीचाही विरोध असला तर तो थांबतो.