पाळण्यातली बोली

भंडारा जिल्ह्यात, विशेषतः साकोली, लाखनी, लाखांदूर या भागांत, जी मराठी घरोघरी बोलली जाते तिला आता झाडीबोली हे नाव रूढ झाले आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा मुलूख जुन्या काळापासून 'झाडी' म्हणून ओळखला जातो. नीळभट्ट भांडारेकार हे चक्रधरांचे शिष्य याच भंडाऱ्याचे, म्हणजे मराठी गद्याच्या आरंभकाळीही हा प्रदेश मराठीला परका नव्हता. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा चिकाटीने अभ्यास केला. तिच्यात ण, ळ, छ, श, ष ही व्यंजने नाहीत, हे तिचे ठळक वैशिष्ट्य त्यांनी दाखवून दिले. पाण्याचे 'पानी' होते, डोळ्याचा 'डोरा', शेताचे 'सेत'. पुण्याकडच्या कानांना हे चुकीचे वाटते आणि शाळेच्या फळ्यापुढे तर ते चूकच ठरते. पण 'पानी' म्हणणारे मूल नेमके काय शिकलेले असते, आणि केव्हा? या प्रश्नाचे उत्तर शाळेत नाही. ते पाळण्यात आहे.

मूल भाषा कशी शिकते याचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झाला आहे. मीमांसकांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. घरातला वडीलधारा दुसऱ्याला सांगतो, 'गाय आण'. तो गाय आणतो. जवळ बसलेले बालक हे पाहते. पुढे 'गाय बांध', 'घोडा आण' अशी वाक्ये कानी पडतात आणि प्रत्येक वेळी वेगळी कृती दिसते. कोणता शब्द आला, कोणता गेला, आणि त्याबरोबर कृतीत काय बदलले, हे ताडून बालक एकेका शब्दाचा अर्थ वेगळा काढते. या ताडून पाहण्याला 'आवापोद्वाप' असे नाव आहे आणि साऱ्या शिकण्याला 'वृद्धव्यवहार'. अर्थ आधी वाक्याचा कळतो की शब्दाचा, यावर प्रभाकर आणि कुमारिल यांच्या अनुयायांत पुढे शतकानुशतके वाद झडला. त्याही आधी भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त आणखी मूळचा प्रश्न उभा केला होता. जिभेची पहिली हालचाल, श्वासाचा पहिला प्रयत्न बालकाला कोण शिकवतो? त्याचे उत्तर असे की, ही 'शब्दभावना' जन्माबरोबरच येते, पूर्वसंस्कारातून. पूर्वजन्म बाजूला ठेवला, तरी माणसाचे मूल भाषेसाठी तयार होऊनच जन्मते ही त्याची पकड जबर आहे.

मीमांसकांच्या चित्रात मात्र दोन गोष्टी गृहीत धरलेल्या दिसतात. एक म्हणजे, त्यांच्या बालकाला 'गाय' आणि 'आण' हे दोन तुकडे वेगळे ऐकू येतात. प्रत्यक्षात बोलणे अखंड वाहत असते. दोन शब्दांमध्ये लेखनातल्यासारखी मोकळी जागा नसते. हे तुकडे तान्हे मूल कसे पाडते याचा एक धागा १९९६ साली अमेरिकेत सापडला. जेनी सॅफ्रन आणि तिच्या सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांना निरर्थक अक्षरांची सलग मालिका अवघी दोन मिनिटे ऐकवली. कोणत्या अक्षरामागून कोणते अक्षर हमखास येते, याचा हिशेब बाळांनी तेवढ्यात मनाशी मांडलेला आढळला. पुढे २००८ मध्ये लिंडा स्मिथ आणि चेन यू यांनी बारा ते चौदा महिन्यांच्या मुलांवर जो प्रयोग केला, तो वाचताना मला तर आवापोद्वापच आठवला. एका वेळी दोन वस्तू आणि दोन शब्द. कोणता शब्द कोणत्या वस्तूचा ते सांगायचे नाही. फक्त जोड्या बदलत राहायच्या. मुलांनी अनेक प्रसंग ताडून अर्थ काढला. प्रयोगकर्त्यांच्या डोळ्यांपुढे मीमांसा असण्याचे कारण नव्हते, पण गायीची आणि घोड्याची गोष्ट तीच होती.

दुसरे गृहीत अधिक बोलके आहे. मीमांसेतले बालक बाजूला बसून ऐकते. त्याच्याशी कोणी बोलत नाही. आया-आज्या या तत्त्वचर्चेत नाहीतच. मंमं, दुदू, गाईगाई, भुर्र, हम्मा, भूभू, बाऊ ही भाषा विद्वानांच्या दृष्टीने भाषाच नव्हती. जॉर्ज ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली निघाला. बायबलातल्या उडाऊ मुलाच्या गोष्टीची भाषांतरे हे त्या सर्वेक्षणाचे मुख्य साधन होते. गावोगावच्या बोलींत उडाऊ मुलगा परत आला. पाळण्यातल्या मुलाशी त्या गावांत कसे बोलतात, याची नोंद करण्याचे ते साधनच नव्हते.

ती नोंद मराठीत झाली ती अशोक रा. केळकरांमुळे. मराठी वाचक त्यांना 'रुजुवात'चे लेखक म्हणून ओळखतो, पण १९६४ साली 'वर्ड' या नियतकालिकात त्यांनी मराठी बाळबोलीवर इंग्रजीतून लेख लिहिला, आणि त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसनच्या सहा भाषांतील बाळबोलींच्या तुलनेत अरबी, कोमांची, गिल्याक, इंग्रजी व स्पॅनिश यांच्या पंक्तीला मराठी बसली. फर्ग्युसनचा मुद्दा साधा पण मर्माचा होता: बाळबोली ही बाळांची निर्मिती नव्हे, मोठ्यांची आहे. तिला रूढी आहे, व्याकरण आहे. जोडाक्षरे सुटी करायची, अक्षराची द्विरुक्ती करायची, अवघड ध्वनीच्या जागी सोपा घालायचा. 'राजा'चा 'लाजा' आणि 'सोनुले'चे 'छोनुले' करणारी आई लाडात येऊन वाटेल तसे बोलत नसते. ती एक परंपरागत भाषा नियमाने बोलत असते. बोबड्या बोलांचे कौतुक आपल्या संतकवितेत उदंड आहे. तो बोबडेपणा मोठ्यांनीही जतन केलेला असतो, हे केळकरांच्या नोंदीमुळे शास्त्राच्या दप्तरी आले.

इथून भंडाऱ्याकडे परत वळता येते, पण व्हँकूवरमार्गे. १९८४ साली तिथे जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी भाषक घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. ध्वनी बदलला की मान वळवायची, आणि वळवली की उजळलेले खेळणे दिसायचे, असा तो खेळ. सहा ते आठ महिन्यांच्या मुलांना हा भेद कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेकांना कळेनासा झाला, कारण त्यांच्या घरात त्याचे काही काम नव्हते. हिंदी ऐकत वाढणाऱ्या त्याच वयाच्या मुलांना मात्र तो स्पष्ट कळत होता. याला ऱ्हास म्हणण्यापेक्षा निवड म्हणावे. निरुपयोगी भेदांवरचे लक्ष काढून मूल ते घरातल्या भेदांवर केंद्रित करते. काही नाजूक भेद तर उलट ऐकूनच घडतात. फिलिपिनो भाषेतल्या दोन अनुनासिकांचा भेद त्या भाषेत वाढणाऱ्या मुलांनाही सहा-आठ महिन्यांत उमगला नाही. दहा-बारा महिन्यांत उमगला, असे २०१० सालच्या अभ्यासात दिसले.

हाच न्याय साकोलीच्या पाळण्याला लावून पाहावा. ज्या घरात 'न' आणि 'ण' असा भेद कोणी करीत नाही, तिथले मूल तो भेद न करायला शिकते, आणि तेही चालायला लागण्याच्या सुमारास. 'पानी' हा उच्चार जिभेचा आळस नव्हे. ऐकलेल्या हजारो वाक्यांतून काढलेला तो अचूक निष्कर्ष आहे. शिवाय या जिल्ह्यात कानावर एकच भाषा पडते असेही नाही. झाडीबोलीच्या शेजारी हिंदी आहे, तुमसरकडे पोवारी आहे, काही गावांत गोंडी आहे. अनेक भाषांनी मूल गोंधळते ही भीती सुशिक्षितांत फार. बार्सिलोनात स्पॅनिश आणि कॅटलन दोन्ही ऐकणारी चार-साडेचार महिन्यांची मुले त्या जवळच्या भाषा वेगळ्या ओळखत होती, एवढे इथे सांगणे पुरे.

एक गोष्ट मात्र माणसावाचून होत नाही. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन मुलांना चिनी मँडरिन ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या, पुस्तक दाखवणाऱ्या माणसाकडून ऐकणारी मुले तिचे ध्वनी शिकली. तोच मजकूर पडद्यावर पाहणारी शिकली नाहीत. आजच्या घरात रडणाऱ्या बाळापुढे मोबाइल धरला जातो तेव्हा आवाज असतो, चित्र असते, पण बाळाच्या नजरेला नजर देऊन 'बुवाऽ कुक' म्हणणारे कोणी नसते. रोवणीच्या दिवसांत, आई बांधीत असताना, नातवंड सांभाळणारी भंडाऱ्याची आजी झाडीबोलीतून अखंड बोलत राहते, तेव्हा त्या मुलाला पडद्यापेक्षा मोलाचे काही मिळत असते. ती बोली अशुद्ध आहे असे तिच्या मनावर बिंबवले, तर ती कमी बोलेल. मोडक्या 'शुद्ध' मराठीत चार वाक्ये बोलून गप्प होईल. खरे नुकसान हे आहे, आणि ते पहिलीच्या वर्गात नव्हे, त्याच्या पाच-सहा वर्षे आधी होते.

अंगणवाडीचा कार्यक्रम देशात २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाला, तेव्हा भर पोषणावर, लसीकरणावर, आरोग्यावर होता; तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी बडबडगीते होती. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांशी घरात बोलावे-खेळावे कसे, यासाठी 'नवचेतना' हा राष्ट्रीय आराखडा केंद्र सरकारने २०२४ मध्ये काढला. त्याच वर्षी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आराखड्यातले खेळ चांगले आहेत. पण ते भंडाऱ्याच्या घरात पोचतील ते गावातल्याच अंगणवाडीताईच्या तोंडून, आणि ताईचीही घरची बोली बहुधा झाडीच असते. प्रशिक्षणात तिला पुस्तकी वाक्ये पाठ करायला लावायची, की तुझ्या आजीसारखे बोल म्हणायचे, हे ठरवायला फार मोठा खर्च लागत नाही.