फोटोच्या पाठीवर 'भामिनी'

आपल्याकडं जुन्या नाटकांचा विषय निघाला की माझं पोस्ट लांबतं, आजही लांबणार आहे.

20 फेब्रुवारी 1919 रोजी 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग आपल्या बडोद्यात झाला, हे पुष्कळांना ठाऊक असेल. गडकरी जेमतेम महिनाभर आधी गेलेले. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व. त्यांच्या गाण्यावर भरपूर लिहून झालंय. मला लिहायचंय ते फोटोंबद्दल, आणि तेही त्यांच्या नव्हे, तर त्यांच्यासारखं नटून बायकांनी काढून घेतलेल्या फोटोंबद्दल.

1911 सालच्या 'मानापमान'मधली भामिनी आणि 1916 सालच्या 'स्वयंवर'मधली रुक्मिणी, या दोन भूमिकांनी घरंदाज बायकांना वेड लावलं. लुगडं कसं नेसायचं, अंबाडा कुठं घालायचा, गजरा किती माळायचा, हे नाटक बघून ठरू लागलं. गंमत बघा, नायिका म्हणून उभा पुरुष, आणि बाईपण कसं मिरवावं हे बायका त्याच्याकडून शिकतायत! कुलीन घरच्या बाईनं रंगभूमीवर जाणं तेव्हा अशक्यच. स्टुडिओत मात्र जाता येई. मागं रंगवलेला पडदा, बाजूला कुंडी नाहीतर नक्षीची खुर्ची, समोर काचेची प्लेट, आणि फोटोवाला सांगेल तोवर हलायचं नाही. त्या काही क्षणांपुरती ती भामिनी.

उभं राहायची ती ढब आली कुठून? सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याकडून राजवाड्यासाठी पौराणिक चित्रं करवून घेतली होती. पुढं रविवर्म्याच्या छापील चित्रांनी घरोघरच्या भिंती भरल्या. नाटकातल्या नायिकांवर त्यांची छाप पडली आणि नाटकातून ती स्टुडिओत आली. म्हणजे चित्राची नक्कल नाटकात, नाटकाची फोटोत.

आमच्या थोरल्या आत्याचा असा एक फोटो आहे. घरात सगळे त्याला 'लग्नातला' म्हणायचे. पाठीवर पेन्सिलीनं 'भामिनी' लिहिलंय, ते सासरचं नाव असणार असा समज. मी बँकेत पस्तीस वर्षं सह्या पडताळण्यात घालवलेला माणूस, मला ते पटेना. मुंडावळ्या नाहीत, शेजारी नवरा नाही, आणि मान तिरकी करून ती बघतेय ती नव्या नवरीसारखी तर अजिबात नाही. चुलतभावाकडं लग्नपत्रिका निघाली, त्यात सासरचं नाव वेगळंच! अक्षर आत्याचंच आहे, तिच्या हिशेबाच्या वहीशी ताडून पाहिलं. नाटकातल्यासारखा फोटो काढला म्हणायची घरच्यांना लाज वाटली असावी, 'लग्नातला' म्हटलं की प्रश्न मिटला.

माझी नात कॉस्प्ले करते. आवडत्या जपानी कार्टूनमधल्या पात्राचा पोशाख स्वतः शिवायचा, मुंबईच्या कॉमिक कॉनला तो घालून जायचं आणि फोटो काढून घ्यायचे. आमच्या पिढीतल्या काहींना हे थेर वाटतात. मला आत्या आठवते. नात म्हणाली, "आजोबा, फोटोत पात्र सगळ्यांना दिसतं, पण मी तीन महिने शिवत बसले ते कोणाला दिसतं?" मग मी वाचत बसलो. 1939 साली न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. तिथं फॉरेस्ट अॅकरमन आणि मर्टल डग्लस ही जोडी भविष्यकाळातले कपडे घालून आली. 1936 सालच्या 'थिंग्ज टू कम' या सिनेमावरून सुचलेले ते कपडे मर्टलबाईंनी शिवलेले, अॅकरमनचेसुद्धा. पण कौतुकात वर्षानुवर्षं नाव पुढं राहिलं ते अॅकरमनचं. 'कॉस्प्ले' हा शब्द तर पुष्कळ नंतरचा, 1980च्या दशकात जपानच्या नोबुयुकी ताकाहाशींनी रूढ केलेला.

तेव्हा नातीचं म्हणणं बरोबर आहे. असा फोटो पात्राचा पुरावा नसतोच. भामिनी कशी दिसायची हे बघायचं तर बालगंधर्वांचे फोटो आहेत की! आत्याच्या फोटोत दिसते ती दांडिया बाजारातल्या वाड्यात राहणारी एक मुलगी, तिनं कुणाकुणाकडून मागून आणलेले दागिने, आणि स्टुडिओचे पैसे मिळावेत म्हणून आजीला घातलेली गळ. ही गळीची हकीकत वडिलांकडून ऐकलेली, बाकी कागदोपत्री काही नाही.

वाडे पडतायत, ट्रंका रद्दीत जातायत. आपल्यापैकी कुणाकडं असे फोटो असतील तर इथं दोन्ही बाजू टाका, पाठ आधी. बॉलपेननं काही लिहू नका, दाबामुळं पुढच्या बाजूला वळ उठतात. मऊ पेन्सिल घ्या. आत्याच्या फोटोवर 'भामिनी'च्या खाली मी तिचं माहेरचं नाव लिहिलंय, आणि त्याखाली 'लग्नातला नव्हे'.