काचबिंदु आणि दृष्टिनाडींतील आधारपेशी

काचबिंदु हें नांव आपल्याकडे मोतीबिंदूच्या जोडीनें घेतलें जातें. परंतु मोतीबिंदूनें अडलेली दृष्टि शस्त्रक्रियेनें मोकळी होते, काचबिंदूनें गेलेली परत येत नाहीं. वाग्भटाच्या ग्रंथांत ‘काच’ ही तिमिराचीच वाढलेली अवस्था होय, आणि ग्रीक वैद्यांनीं वापरलेला मूळ शब्दहि असाच संदिग्ध होता. ग्लासगोच्या मॅकेन्झीनें १८३० सालच्या आपल्या ग्रंथांत या रोगांत डोळा बोटास कठीण लागतो ही खूण नोंदविली. पण आंत काय घडतें हें पाहण्यास १८५१ सालीं हेल्महोल्ट्झनें नेत्रदर्शक यंत्राचें वर्णन प्रसिद्ध करीपर्यंत थांबावें लागलें.

आंत पाहतां आलें म्हणून लगेच खरें दिसलें, असें मात्र झालें नाहीं. १८५४ सालीं व्हिएन्नाच्या येगरनें आणि बर्लिनच्या ग्रेफनें काचबिंदु झालेल्या डोळ्यांत दृष्टिनाडीचें मुख न्याहाळलें, व तें फुगून वर आलें आहे असें दोघांनींहि लिहून ठेविलें. वस्तुतः तें खोल गेलें होतें! एकाच डोळ्यानें पाहणाऱ्यास खळगा कोणता व उंचवटा कोणता हें ठरविणें सोपें नसतें. ग्रेफनें पुढच्याच वर्षीं आपलें मत फिरविलें. त्याच्या कीर्तीला हें शोभण्यासारखेंच होतें. १८५७ सालीं तर कनीनिकापटलाचा तुकडा काढून दाब उतरविण्याची शस्त्रक्रिया त्यानें ब्रुसेल्सच्या परिषदेंत मांडली, आणि असाध्य समजला जाणारा एक रोग कांहीं अंशीं साध्य झाला.

त्या खळग्याचें शारीरदृष्ट्या प्रमाण दिलें वुर्त्स्बुर्गच्या हाइन्रिख म्युलरनें. दृष्टिनाडीचे दहा-बारा लाख तंतु डोळ्याबाहेर पडतांना एका चाळणीसारख्या पडद्याच्या छिद्रांतून जातात. दाबानें ती चाळण मागें रेटली जाते व तंतु चिरडतात, असें त्याचें १८५८ सालचें प्रतिपादन होतें. येगरनें उलट रक्तवाहिन्यांकडे बोट दाखविलें. दाब कीं रक्त, हा वाद पुढें शंभर वर्षांहून अधिक काळ चालला, आणि या दोन पक्षांच्या भांडणांत तिसऱ्याची कोणीं वास्तपुस्त केली नाहीं.

हा तिसरा म्हणजे तंतूंना धरून ठेवणाऱ्या आधारपेशी. मौज अशी कीं, दृष्टिपटलांतील अशा पेशी प्रथम वर्णिल्या त्या याच म्युलरनें, १८५१ सालीं. आजहि त्या त्याच्याच नांवानें ओळखल्या जातात. त्याच विद्यापीठांत तेव्हां अध्यापक असलेल्या व्हिर्खोनें १८५६ सालीं मज्जासंस्थेंतील या द्रव्याचें नामकरण केलें, तें ‘मज्जेचा सरस’ अशा अर्थाचें. सरसाकडून कोण कशाची अपेक्षा करणार? शास्त्रांत एकदां नांव पडलें कीं तें विचाराला वेसण घालतें, याचें याहून चांगलें उदाहरण प्रस्तुत लेखकास आठवत नाहीं.

१९७४ सालीं अँडरसन व हेंड्रिक्सन यांनीं माकडांवर प्रयोग करून दाखविलें कीं, दाब वाढला म्हणजे तंतूंतून वाहणारीं द्रव्यें त्या चाळणीपाशींच तुंबतात. १९८१ सालीं क्विग्ली व अॅडिक्स यांस चाळणीच्या वरच्या व खालच्या भागांतील छिद्रें मोठीं आणि त्यांमधील आधार विरळ असल्याचें आढळलें; तंतु आधीं मरतात ते तेथलेच. म्युलरचा पक्ष जिंकला असें वाटावें. पण उंदराच्या डोळ्यांत अशी बळकट चाळण नसतेच. तेथें तंतूंच्या जुडग्यांना वेढून असतात त्या केवळ ताऱ्यासारख्या फांद्या फुटलेल्या आधारपेशी. आणि तरीहि दाब वाढल्यावर उंदराचे तंतु त्याच जागीं बिघडूं लागतात.

या तारकपेशी ताण ओळखतात, आकार बदलतात व निरनिराळीं द्रव्यें सोडतात. माणसाच्या दृष्टिनाडीमुखांतील अशा पेशींचा अभ्यास रोझारिओ हर्नांडेझ यांनीं वर्षानुवर्षें चालविला. १९९७ सालीं न्यूफेल्ड व त्यांचे सहकारी यांनीं त्यांवर विषारी नायट्रिक ऑक्साइड निर्माण करण्याचा आरोप ठेविला, आणि १९९९ सालीं तें थांबविणाऱ्या औषधानें घुशीच्या जातीच्या प्राण्यांत तंतुपेशी वांचविल्याचें प्रसिद्ध केलें. २००५ सालीं दुसऱ्या प्रयोगशाळांस मात्र तें विकर आढळलें नाहीं, व औषधाचाहि उपयोग झाला नाहीं. मग २०१७ सालीं लिडेलो प्रभृतींनीं दाखविलें कीं, मज्जेंतील भक्षकपेशींकडून येणाऱ्या तीन प्रथिनांच्या चिथावणीनें तारकपेशी घातक बनतात. २०२० सालीं तीं तिन्ही नसलेल्या उंदरांत दाब वाढवूनहि दृष्टिपटलांतील पेशी बचावल्या.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. डोळ्याचा दाब सामान्यतः पाऱ्याचे १० ते २१ मिलिमीटर असतो. परंतु जपानांत ताजिमी येथील पाहणींत खुल्या कोनाच्या काचबिंदूचे बहुतेक रोगी २१ च्या आंतलेच निघाले. प्रचारांतील थेंब, लेसर व शस्त्रक्रिया यांचें काम एकच, दाब उतरविणें. त्यानें रोगाची गति मंदावते हें निःसंशय. पण दाब उतरूनहि ज्यांची दृष्टि ओसरत राहते, त्यांस काय द्यावें? आधारपेशींना गप्प बसवावें, असें उत्तर चटकन् सुचतें. तथापि त्याच २०१७ सालीं याकोब्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उंदरांच्या तारकपेशींची ही प्रतिक्रियाच बोथट करून पाहिली, तेव्हां दृष्टीची हानि कमी न होतां वाढली.