खानदेशाच्या नकाशातील खुणा आणि कल्पित गाव
१८१८ मध्ये खानदेश इंग्रजी अमलाखाली आल्यानंतर झालेल्या मोजणीचे परिपक्व रूप भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशांत दिसते. धुळे व जळगाव ही दोन्ही शहरे त्यांतील ‘४६’ क्रमांकाच्या पत्रकसमूहात येतात. समोच्चरेषा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, त्यांत तपकिरी असतात, वाहते पाणी निळे आणि कोरडा नाला काळा. उन्हाळ्यात पात्रे आटणाऱ्या या प्रदेशात हा भेद फार बोलका ठरतो. तापी, गिरणा, पांझरा या नद्यांची नावे पाठ असलेला, नकाशावाचन शिकणारा विद्यार्थी मात्र खूण न वाचता स्मरणावर विसंबतो, म्हणून सातपुड्याच्या पायथ्याशी विहीर, देऊळ व नाला असलेले कल्पित गाव रेखाटून देण्याची रीत खरोखर मोलाची आहे, कारण तेथे चिन्हाखेरीज दुसरा आधारच नसतो.